तू नाहीस, तर बोलतं कोण?

रामदासपेठ, नागपूर
११ जानेवारी १९८१

ती. वामनदादास,
सा. न. वि. वि.

तुला पाठवलेलं आंतरदेशीय पत्र परवा परत आलं. आमच्या रुपराव पोस्टमननं ते माझ्या हातात ठेवलं आणि माणूस गाव सोडून गेला असेल असं म्हणाला. पत्रावर निळ्या शाईनं लिहिलं होतं, 'या नावाचा माणूस या पत्त्यावर राहत नाही.'

दादा, आधी लांब शिरोरेघ ओढायची आणि मग दोरीवर कपडे वाळत घालावेत तशी तिला अक्षरं टांगायची, ही सवय आपल्या घरात एकट्या तुझी. बाबा त्यावरून तुझ्यावर किती चिडायचे. शिवाय पत्र फोडून पुन्हा चिकटवलेलं होतं आणि कडेला भाताचं शीत वाळून बसलं होतं. पोस्टात भात शिजत नाही एवढं मला कळतं.

म्हणजे कळमेश्वरात न राहणाऱ्या माणसानं माझं पत्र वाचलं. मला तेवढं पुरे आहे. वाचलं असशील तरी मुद्द्याचं पुन्हा सांगते. बाबांची 'बावडीची गोष्ट' आम्ही पुन्हा करतो आहोत. इथल्या मंडळाचे अध्यक्ष शालिकरामजी स्वतः शाळेत येऊन मला म्हणाले की मारोतराव मास्तरांची संगीतिका म्हणजे नागपूरची जुनी ठेव आहे, ती अशी माळ्यावर पडून राहू नये. मुली माझ्याच शाळेच्या. बहिणीचं काम माझी शामला करते आहे. तू तिला शेवटची पाहिलीस तेव्हा ती बोबडं बोलत होती. आता सोळाची आहे, तुझ्यासारखीच हट्टी आहे आणि गळा माझ्यापेक्षा बरा आहे.

आणि बावडीतला भाऊ तू. दुसरा कोणी नाही. मागं मी तुझी जागा गायले होते, ते तुला लागलं. या वेळी ती जागा मी गाणार नाही आणि कोणाला गाऊही देणार नाही. तालमीत ती ओळ आली की पेटीवर सूर धरून आम्ही दोघी गप्प बसतो, तुझी ओळ संपेल एवढा वेळ. मग पुढं जातो. तू आला नाहीस तर प्रयोगातही तसंच होईल.

कौशल्यावहिनींना नमस्कार.

तुझी,
प्रेमा

*

२५ जानेवारी १९८१

ती. दादास,
सा. न. वि. वि.

हेही परत आलं. या वेळी शीत नाही, चांगली खळ करून चिकटवलं आहेस. प्रगती आहे.

आता माझ्यासमोर दुसरीच अडचण उभी राहिली आहे. पडदा उघडायच्या आधी मी पाच मिनिटं प्रास्ताविक करावं असं शालिकरामजींचं म्हणणं आहे. संगीतिका म्हणजे काय ते लोकांना आधी समजावून सांगा म्हणतात. नाटकात माणसं बोलता बोलता गायला लागतात. संगीतिकेत बोलणंच नसतं, पाणी मागायचं तरी गाऊन. हे मी आमच्या शेजारच्या सुभद्राकाकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, "मंग ते बोलत काहून नाही? भांडन झालं का त्यायचं?" मी त्यांना म्हटलं की हो काकू, भांडणच झालंय. पण ते प्रास्ताविकात घालता येत नाही.

लिहिलंय ते तुला वाचून दाखवते. चूक असेल तर कळव. अर्थात तू तिथं राहत नाहीस, पण कळव.

'माझे वडील मारोतराव रेल्वेच्या एका साहेबाच्या मुलींना पेटी शिकवायला सिव्हिल लाइन्समध्ये जात. साहेबाकडे विलायती तबकड्यांचा मोठा संच होता. एका परीकथेवर रचलेली, सुरुवातीपासून शेवटपर्यंत नुसती गायलेली गोष्ट त्यात होती. वडिलांना त्यातला शब्द कळत नव्हता. पण कोण रुसलं, कोण घाबरलं, कोण खोटं बोलतंय, हे सारं कळलं. त्या दिवशी ते घरी आले ते सायकल भिंतीला न टेकवता तशीच अंगणात आडवी टाकून. आईला म्हणाले, तिकडं लेकरांच्या गोष्टीवर मोठी मानसं तीन तास गातेत अन् कोनी हासत नाही. मंग तुह्या गोष्टीनं काय पाप केलं?

आईची गोष्ट अशी. एका गावात बहीणभाऊ होते. पाणी कोणी आणायचं यावरून दोघांचं वाजलं. भाऊ रागारागानं बावडीवर गेला. त्या बावडीत एक जलराणी राहत होती, आणि रागानं पाणी भरणाऱ्याला ती आपला दारवान करून ठेवत असे. पायऱ्यांची ती जुनी विहीर, आत अंधार. भावाला शोधायला बाप आला, दोस्त आले, राजाचे शिपाई आले. वरून हाक मारली की आतून भावाचाच आवाज यायचा: मी इथं नाही. ते ऐकून सगळे परत जायचे. कारण माणूस स्वतःच नाही म्हणतो तर त्यावर काय बोलायचं? शेवटी बहीण आली. तिला तेच उत्तर मिळालं. ती म्हणाली, तू नाहीस, तर बोलतं कोण? आणि पायऱ्या उतरायला लागली.'

शामला म्हणते, आई, इतकं सांगितलंस तर लोक तिकिटाचे पैसे परत मागतील. तिचंही खरं आहे. पण एक गोष्ट मी तिलाही सांगितली नाही, ती तुला माहीत आहे. माय ही गोष्ट सांगायची तेव्हा 'मी इथं नाही' हे ती कधीच म्हणायची नाही. तिथं थांबायची आणि तू गोधडीत डोकं खुपसून ते म्हणायचास. आधी जाडा आवाज, मग खी खी. बाबांनी ती जागा लिहिली ती तुझ्या गोधडीतून उचलून. तबकडीतलं त्यात काहीच नाही.

तुझी,
प्रेमा

*

६ फेब्रुवारी १९८१

ती. दादास,
सा. न.

पत्र परत आलं नाही म्हणून दोन दिवस मी खुशीत होते. काल आलं. उशीर पोस्टाचा होता.

काल आणखी एक झालं. आमचे हे गांधीबागेत दुकानात बसले असताना कौशल्यावहिनी लुगडं घ्यायला आल्या. ह्यांना पाहून आधी गोंधळल्या, मग चहा घेतला, आणि निघताना म्हणाल्या, "भाऊजी, ते पत्र वाचतेत. दोन दोन डाव वाचतेत. अन् मंग मले म्हनतेत, भाताचं शीत दे." ह्यांनी घरी येऊन सांगितलं तेव्हा मी हसत सुटले आणि मग पदरात तोंड घालून रडले. वहिनींवर रागावू नकोस. रागावलास तर मला कळेल, कारण त्या लुगडं बदलायला परत येणार आहेत.

आता त्या दिवसाबद्दल एकदाच लिहिते. तू ते मनात चौदा वर्षं घोळवत बसला आहेस आणि त्यातलं निम्मं चूक आहे.

सदुसष्ट साली शाळेच्या मुलांसाठी सकाळी प्रयोग लावला होता. माय नको म्हणत होती. दिवसा गोष्ट सांगितली की मुलांचा मामा वाट चुकतो, असं तिचं म्हणणं. बाबा हसले. तुला ताप होता, हे मला माहीत होतं आणि बाबांनाही. वरच्या सुरावर तुझा आवाज फाटला. पोरं हसली. तू गप्प झालास आणि मी पायरीवर उभी राहून तुझी ओळ गायले, पुढच्याही गायले. टाळ्या पडल्या. नंतर रंगपटात बाबा म्हणाले, "वामन नसला तरी चालते." तू दाराशी होतास. तसाच बाहेर गेलास, तोंडाचा रंगही न पुसता.

ते वाक्य बाबांचं होतं. तेही घाईत, पेटी आवरताना म्हटलेलं. माझं नव्हतं. माझ्याकडून सांगायचं तर हॉल भरून पोरं बसली होती, गोष्ट पाण्यात अर्धी बुडालेली होती आणि मला ती काठाला लावायची होती. आजही तसं झालं तर मी गाईन. याची मला लाज वाटत नाही आणि मी माफी मागणार नाही. पण तू नसलास तरी चालतं असं मी कधी म्हटलं नाही, आणि चाललंही नाही. बाबांनी त्यानंतर ती संगीतिका पुन्हा बसवली नाही. तू गेलास त्या आठवड्यात वह्या बांधून माळ्यावर टाकल्या. बाबा गेले तेव्हा तू घाटावर आलास, लांब उभा राहिलास आणि आम्ही आंघोळ करून वळून पाहिलं तर नव्हतास. त्या दिवशी मला तुझा जेवढा राग आला तेवढा कधी आला नव्हता. अजूनही येतो. आणि तुझी आठवणही तेवढीच येते, दोन्ही एकाच वेळी, त्याला मी काय करू.

मायनं मरेपर्यंत एकच धरून ठेवलं: शामलाचा मामा दिवसाच्या गोष्टीनं वाट चुकला.

म्हणून मी ठरवलं आहे. तू नागपूरला येणार नाहीस, तर पहिला प्रयोग नागपूरला होणार नाही. कळमेश्वरला होईल.

तुझी,
प्रेमा

*

१५ फेब्रुवारी १९८१

ती. दादास,
सा. न.

मी काल तुझ्या गावात होते. तुझ्या दारावर आले नाही, भिऊ नकोस. गोष्टीतली बहीणही आधी वरूनच हाक मारते.

तुमच्या कामगार वस्तीतल्या गणपती मंडळाच्या शेडमध्ये प्रयोग ठरला. शनिवार, २१ तारीख, दुपारी दोन वाजता. संध्याकाळी तिकडं वीज जाते, आणि दुसरी पाळी चारला लागते, म्हणून दुपारच. शालिकरामजींना हे अजिबात पसंत नाही. पहिला प्रयोग पत्र्याच्या शेडमध्ये आणि मुख्य भूमिका रिकामी, हे त्यांना कसं पसंत पडावं. जलराणीचं काम करणारी मुलगी त्या ओळी म्हणू शकते, असं त्यांनी सुचवलं. मी म्हटलं, मग प्रास्ताविकही तीच करू दे आणि पेटीही तीच वाजवू दे. खरं सांगायचं तर त्यांचंही चूक नाही. तू आला नाहीस तर गोष्ट बावडीच्या पायरीवर बंद पडेल, लोक हसतील, नागपूरचा प्रयोग रद्द होईल आणि बाबांच्या वह्या पुन्हा माळ्यावर जातील. हे सगळं मी विचार करून केलं आहे.

पण खरी अडचण तुमच्या वस्तीतल्या बायकांनी काढली. रुखमाबाई म्हणून आहेत, शेडच्या किल्ल्या त्यांच्याकडं असतात, तू ओळखत असशील. दुपारी गोष्ट म्हटल्याबरोबर त्यांनी किल्ल्या कमरेला खोचल्या. म्हणाल्या, "दिवसा गोष्ट नाही सांगत बाई. लेकरायचा मामा रस्ता भुलते. माहे तीन भाऊ हायेत, तिघंही टरकावर जातेत."

मी म्हटलं, "माह्या पोरीचा मामा चौदा वर्सापासून भुललेलाच हाये. आता त्याले अजून कुठं भुलवाल?"

त्यांनी कमरेच्या किल्ल्या चाचपल्या. कुठं असतो म्हणून विचारलं. इथंच आहे, तुमच्याच गावात, असं मी सांगितलं. नाव विचारलं नाही, मीही सांगितलं नाही. पण बाई हुशार. त्यांनीच तोड काढली. खिडक्यांना आतून काळं कापड लावायचं, दार लोटायचं आणि गोष्ट सुरू व्हायच्या आधी मधोमध दिवा लावायचा. दिवा लावला की रात्र झाली. मग मामालोकांना धोका नाही. काळं कापड आमचे हे दुकानातून आणणार आहेत.

तेव्हा शेडमध्ये अंधार असेल. मागं दाराशी कोण बसलं आहे ते कोणाला दिसणार नाही. एवढंच तुला कळवायचं होतं.

तुझी,
प्रेमा

*

२२ फेब्रुवारी १९८१

ती. दादास,
सा. न. वि. वि.

काल तू तिथं नव्हतास असंच तुझं म्हणणं असणार. मग काय काय झालं ते मला तुला सांगितलंच पाहिजे.

शेड गच्च भरली होती. बायका मुलांना घेऊन पुढं, पुरुष मागं. रुखमाबाईंनी दिवा लावला आणि मोठ्यानं सांगितलं की आता रात्र झाली. मी प्रास्ताविकाला उभी राहिले. लिहून नेलेलं मला दिव्याच्या उजेडात दिसेना, म्हणून कागद घडी करून ठेवला आणि एवढंच बोलले: "हे गाणं नाही, गोष्टच हाये. माही माय सांगे, माह्या बापानं ते सुरात बसवली. याच्यात कोनी बोलत नाही, सारे गातेत. काहून, तर रुसलेल्या मानसासंगं बोलता येत नाही. त्याले गाऊनच बोलवा लागते." पुढं जलराणी, दारवान, तबकड्या, काही सांगितलं नाही. कोणी विचारलंही नाही.

शामला चांगली गायली. बावडीवर आली, हाक मारली. मी पेटीवर सूर धरला. तुझी ओळ संपेल एवढा वेळ शेडमध्ये काहीच नव्हतं. तिनं दुसऱ्यांदा हाक मारली. पुढच्या रांगेतली एक पोरगी आईला म्हणाली, "तो नाही वाटते तेथं." भाता ओढताना मला माझीच धाप ऐकू येत होती. आणि खरं सांगते, तुझी ओळ माझ्या गळ्यापर्यंत आली होती. मी दात घट्ट आवळून बसले.

तिसऱ्या हाकेला मागून, दाराजवळून आवाज आला, "मी इथं नाही."

गायला नाहीस. नुसतं म्हटलंस. गोधडीतलं होतं तसंच, जाडं. आणि सगळी शेड हसली. ते हसू ऐकून मला भीती वाटली, कारण तू एकदा हसण्यातूनच उठून गेला होतास. पण हे हसू वेगळं होतं. ती ओळ हसायचीच आहे, मायच्या गोष्टीत आपणही हसायचो, ते बाबा विसरले होते आणि तूही.

मग शामलानं जे केलं ते मी शिकवलेलं नाही. तिनं कापडाच्या बावडीकडं पाठ केली, मधला दिवा उचलला आणि दाराकडं तोंड करून गायली: तू नाहीस, तर बोलतं कोण? आणि तू गायलास. आवाज खाली गेला आहे तुझा, खरखरीत झाला आहे. मी पेटीची पट्टी तिथल्या तिथं खाली घेतली, शामलाही उतरली. बावडीतून माणूस असाच गायला पाहिजे. बाबांनी ही जागा वरच्या सुरात लिहिली, ती त्यांची चूक होती. मी वहीत दुरुस्त करणार आहे.

ती गात गात लोकांमधून तुझ्यापर्यंत आली, तुझ्या तोंडासमोर दिवा धरला. खाकी कपडे, हातात डबा. गोष्टीत इथं बहीण भावाचा हात धरून त्याला वर आणते. पण तुमच्या कारखान्याचा भोंगा झाला आणि तू गेलास. दार उघडलं तसं लख्ख ऊन आत आलं आणि शामला दिवा घेऊन उन्हात उभी राहिली. मी शेवटचा सूर वाजवून टाकला. दुसरं काय करणार होते?

रुखमाबाईंनी सगळ्यांदेखत मला विचारलं, "मामा सापडला तं मंग गेला कुठं वं?"

पाळीवर गेला, असं मी सांगितलं. ते सगळ्यांना पटलं. टाळ्याही पडल्या. घरी येताना बसमध्ये शामला खिडकीच्या काचेत आपले कान बघत होती. मग म्हणाली, आई, मामाचे कान माझ्यासारखे आहेत.

नागपूरचा प्रयोग आठ मार्चला आहे. येत्या रविवारी सकाळी घरी तालीम आहे, खालच्या पट्टीत. तू हे घर पाहिलेलं नाहीस म्हणून रस्ता लिहिते. बसस्टँडवरून रिक्षा करू नकोस, लुटतात. चालत ये. रामदासपेठेत शिरलास की दवाखान्याची पांढरी इमारत लागते, तिच्यामागच्या गल्लीत डावीकडं हिरवं फाटक. पेटीचा आवाज येईल.

हे पत्र परत पाठवू नकोस. पाठवलंस तरी मी पुढचं लिहीनच.

तुझी,
प्रेमा

*

(पोस्टकार्ड)

कळमेश्वर
२५ फेब्रुवारी १९८१

चि. प्रेमास,
अनेक आशीर्वाद.

या नावाचा माणूस रविवारी या पत्त्यावर राहणार नाही. कौशल्याही येते आहे. भात जास्त लाव.

रस्ता लिहिलास, त्याची गरज नव्हती. जानेवारीत दुसरं पत्र आलं तेव्हा मी तुझ्या हिरव्या फाटकापर्यंत येऊन गेलो आहे. आत तालीम चालली होती. माझी ओळ कोण गातं ते ऐकायला उभा राहिलो. पोरीनं हाक मारली, पेटीचा सूर लांबला, आणि तुम्ही दोघी गप्प बसलात.

वामन